जोधपूरमध्ये पश्चिमाभिमुख भूखंडावर घर बांधताना आजच्या पद्धतींपैकी काय स्वीकारावे?

अमरावतीकर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही मूळचे अमरावतीचे. यजमानांच्या नोकरीमुळे गेली बारा वर्षे जोधपूरमध्ये भाड्याच्या घरात राहत आहोत. आता येथेच स्थायिक व्हायचे ठरवून शहराच्या कडेला 40 बाय 60 फुटांचा भूखंड घेतला आहे. रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे घराचा दर्शनी भाग दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत सरळ उन्हात राहणार. दोन्ही बाजूंचे भूखंड सध्या मोकळे आहेत.

आमच्या वास्तुविशारदांनी दाखवलेला आराखडा कागदावर फार देखणा आहे. पश्चिमेला दिवाणखान्याची डबल हाइट (दोन मजल्यांएवढी उंची), तिला चौदा फूट उंचीची काच, काचेच्या बाजूला लेसरने कापलेली धातूची जाळी, उरलेल्या भिंतीवर गडद राखी टेक्स्चर पेंट आणि मधूनमधून जोधपुरी दगडाचे क्लॅडिंग (भिंतीवर बसवलेले पातळ आवरण). घराच्या मधोमध चौक आहे, पण त्यावरही काचेचे छत. गच्चीवर कृत्रिम हिरवळ. आमच्या परिसरात गेल्या तीन-चार वर्षांत झालेली बहुतेक घरे याच धर्तीची आहेत आणि हल्ली हेच चालते, असे आम्हाला सांगण्यात आले.

माझी शंका अनुभवातून आलेली आहे. सध्या आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री अकरा वाजता शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीला तळहात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याजवळ हात धरावा तशी धग लागते. बाहेर गॅलरीत त्या वेळी वारा सुटलेला असतो, आणि आम्ही आत वातानुकूलन यंत्र लावून त्या भिंतीशी झगडत असतो. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि एसीची थंडी सोसत नाही. नवे घर त्यांच्यासाठी सुसह्य व्हावे, ही आमची पहिली अट आहे.

तेव्हा वाळवंटी हवेत काम केलेल्या किंवा राहिलेल्या मंडळींनी कृपया सांगावे, की या नव्या पद्धतींपैकी कोणत्या खरोखर उपयोगी आहेत? भिंती दगडाच्या असाव्यात की एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या)? चौक उघडा ठेवावा की झाकावा? आराखडा बदलून घ्यायला अजून सहा आठवडे हातात आहेत.

चुनाविटा यांचे उत्तर

मी वास्तुविशारद असून बावीस वर्षे मारवाडात काम करतो. आपला आराखडा मी पाहिलेला नाही, त्यामुळे आपण वर्णन केले आहे तेवढ्यापुरतेच लिहितो.

सुरुवात सूर्यापासून करू, कारण येथे घराचा खरा आराखडा तोच काढतो. जोधपूरचे अक्षांश सुमारे 26 अंश आहेत. 21 जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून 87 अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीलाही तो 40 अंशांपर्यंतच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा साधा छज्जा दिला, की उन्हाळ्यात तिला पूर्ण सावली मिळते आणि हिवाळ्यात ऊन खोलीत येते. पश्चिमेला मात्र हा उपाय चालत नाही. तिथे ऊन तिरपे, छज्ज्याच्या खालून येते, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरची हवाही दिवसातली सर्वात तापलेली असते. चौदा फुटांच्या काचेला दुहेरी तावदाने आणि उष्णता परतवणारा लेप दिल्याने आत येणारी उष्णता पुष्कळ कमी होते हे खरे, पण जे ऊन काचेवर पडलेच नाही, त्याची बरोबरी कोणत्याही काचेला करता येत नाही. ही काच मी काढूनच टाकीन. पश्चिमेला जिना, गाडीची जागा, कोठीची खोली, न्हाणीघर अशा, जिथे कुणी फार वेळ बसत नाही त्या जागा ठेवाव्यात, म्हणजे त्या तापतील आणि मागच्या खोल्या वाचतील.

आता दगडाबद्दल, कारण येथे बहुतेकांची गल्लत होते. जुन्या जोधपुरात दीड फूट जाडीच्या दगडी भिंती थंड का वाटतात? दगड उष्णतारोधक आहे म्हणून नव्हे. उलट वालुकाश्मातून उष्णता बरीच सहज वाहते. पण तो जड असतो आणि तापायला वेळ घेतो, त्यामुळे दुपारी बाहेरून लागलेली उष्णता दीड फूट ओलांडून आत पोहोचेपर्यंत दहा-बारा तास जातात. दुपारभर माणसे आत गारव्यात बसत, आणि भिंत आतून उबदार होऊ लागे तेव्हा ती गच्चीवर खाटा टाकून झोपलेली असत. भिंत आणि दिनक्रम यांची ही जोडी होती. आज आपण दुपारी कार्यालयात असतो आणि रात्री दारे लावून आत झोपतो. त्याच भिंतीने वेढलेल्या शयनगृहात झोपलो, तर ती नेमकी आपल्या झोपेच्या वेळी तापते. आपल्या तळहाताला जाणवलेली धग हीच आहे, फक्त नऊ इंचांच्या विटेत ती आणखी लवकर येते.

त्यामुळे दगड की ब्लॉक याचे एकच उत्तर नाही. कोणती खोली कोणत्या प्रहरी वापरणार, ते आधी लिहून काढावे. सासूबाई दिवसभर घरात असतात, म्हणून त्यांची बसण्याउठण्याची जागा तळमजल्यावर, पूर्व किंवा ईशान्येस, जाड दगडी भिंतींत असावी. वरची शयनगृहे एएसी ब्लॉकची करावीत. हा ब्लॉक हलका असतो, उष्णता अडवतो आणि साठवून ठेवत नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर खिडक्या उघडल्या की खोली लवकर निवते. एक इंच दगडाचे क्लॅडिंग विटेवर थेट चिकटवले, तर ती केवळ शोभा आहे. तोच दगड धातूच्या कंसांवर भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून बसवला आणि खाली-वर फट ठेवली, तर मागची तापलेली हवा वर निघून जाते आणि दगड भिंतीला छत्रीसारखा उपयोगी पडतो.

जाळीचेही तसेच. जुन्या दगडी जाळीचे छिद्र लहान असते आणि दगडाची जाडी जवळजवळ छिद्राएवढी असते, म्हणून तिरपे ऊन छिद्राच्या कडेवरच अडते आणि आत केवळ उजेड येतो. चार मिलिमीटरच्या पत्र्याला ही खोली नसते, शिवाय पत्रा स्वतः तापून मागच्या काचेकडे उष्णता फेकतो. जैसलमेरजवळ कनोई गावात 2021 मध्ये सुरू झालेली राजकुमारी रत्नावती कन्याशाळा वाट वाकडी करून पाहण्यासारखी आहे. अमेरिकी वास्तुविशारद डायना केलॉग यांनी ती स्थानिक पिवळ्या दगडात, लंबवर्तुळाकार चौकाभोवती, स्थानिक कारागिरांच्या हातून बांधून घेतली. तिच्या वरच्या भिंतीला जाळी आहे आणि गच्चीवरचे सौर पत्रे (सोलर पॅनेल) छताचेही काम करतात. दिसायला ती अगदी आजची आहे, पण तिच्यातली एकही गोष्ट निव्वळ दिसण्यासाठी नाही.

छताकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण दिवसभर सर्वांत जास्त ऊन तेच खाते. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेने छताच्या उष्णतावहनाला दर चौरस मीटरला 1.2 वॉट प्रति अंश अशी कमाल मर्यादा घातली आहे. स्लॅबवर 50 मिलिमीटर एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी घट्ट फोमची पाटी) टाकून वर कोबा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर आपण त्या मर्यादेच्या निम्म्याहून खाली याल. सौर पत्रे आठ फूट उंच सांगाड्यावर घेतले तर खाली सावलीही मिळते. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉट व त्यापुढील संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. कृत्रिम हिरवळ मात्र घेऊ नये. ती उन्हात डांबरासारखी तापते, आणि तिच्यावर पाणी मारण्याइतके पाणी आपल्याकडे नाही.

तळघराचा मोह कुणी घालत असेल तर तोही टाळावा. कालव्याचे पाणी जोधपुरात आल्यापासून शहराच्या काही भागांत भूजल वर आले आहे आणि जुनी तळघरे पाण्याने भरू लागली आहेत.

बिकानेरची सून यांचे उत्तर

अमरावतीकर ताई, मी साताऱ्याची, लग्न होऊन बिकानेरला आले त्याला 31 वर्षे झाली. आमच्या घराचा खालचा मजला जुना दगडी आहे आणि वरचा मजला 2009 मध्ये नव्या पद्धतीने चढवला, त्यामुळे दोन्हींचा अनुभव एकाच छपराखाली घेते आहे. चुनाविटा साहेबांनी दिनक्रमाविषयी लिहिले ते मला फार पटले, कारण सासरी आल्यावर सासूबाईंनी मला पहिल्यांदा शिकवले ते स्वयंपाकाचे काहीच नव्हते, तर खिडक्यांचे वेळापत्रक होते. सकाळी आठ वाजले की पूर्वेची कवाडे बंद, दहापर्यंत सगळी बंद, आणि सूर्य मावळून अर्धा तास झाल्यावर आधी चौकाकडची, मग बाहेरची उघडायची. खालच्या मजल्यावर हे सहज पाळता येते, कारण खिडक्यांना लाकडी झडपा आहेत. वरच्या मजल्यावर आम्ही सरकत्या काचा बसवल्या आणि तिथे मे महिन्यात पडदे लावूनही दुपारी बसवत नाही. ऊन एकदा काचेच्या आत आले की पडदाच तापतो. खिडकीला बाहेरच्या बाजूने झडप किंवा वाळ्याचा पडदा लावायची सोय आताच करून घ्या.

चौकावर काच मुळीच नको. आमच्या एका आप्तांनी तशी बसवली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी काचेखाली ताडपत्री बांधली, दुसऱ्या उन्हाळ्यात काचेच्या वर गवताच्या चटया टाकल्या आणि तिसऱ्या वर्षी काच काढली. आमचा चौक अकरा फूट रुंद आहे आणि भोवतालच्या भिंती बावीस फूट उंच आहेत. तळाशी ऊन जेमतेम तासभर येते. तुम्ही वाड्यातला चौक डोळ्यासमोर ठेवून मोठा चौक मागू नका. आपल्याकडच्या वाड्यांत उजेड हवा असतो, इथे सावली हवी असते. दिवसा वर कापडी पाल ओढून घ्यायचा आणि रात्री आकाश मोकळे सोडायचे, म्हणजे रात्रीची गार हवा खाली उतरते. आंधी आली की धूळ मात्र पोतेभर येते, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून चौकात उघडणाऱ्या दारांच्या चौकटींना खाच ठेवून घ्या आणि उंबरठा दगडाचा, जरा उंच ठेवा. तुमच्या सासूबाईंच्या खोलीला मात्र उंबरठा नको, तिथे दाराच्या खाली ब्रशची पट्टी लावा.

पाण्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. गच्चीवर काळी टाकी ठेवली तर मे महिन्यात सकाळी दहानंतर नळाला आंघोळीचे नव्हे, चहाचे पाणी येते, इतके ते कढत असते. आम्ही रात्रीच बादल्या भरून ठेवायचो. आता टाकीभोवती विटांची जाळीदार भिंत आणि वर छत केले आहे. शिवाय जमिनीखाली टांका बांधा. आपल्याकडे गडावर ज्याला टाके म्हणतात तेच हे, फक्त घराच्या पोटात. जोधपूरला वर्षाला साधारण 360 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या स्वच्छ गच्चीवरून वाया जाणारे वजा केले तरी जवळपास 29,000 लिटर पाणी मिळते. हे पाणी मऊ असते. आमच्या कूलरला पूर्वी बोअरचे पाणी घालत होतो, तेव्हा त्याच्या जाळ्यांवर महिन्याभरात क्षाराचे पांढरे पापुद्रे चढून हवा यायची बंद होई. टांक्याचे पाणी घालायला लागल्यापासून त्याच जाळ्या दोन उन्हाळे टिकतात.

आणि थंडीचा विचारही करा. सगळे उन्हाळ्याचे बोलतात, पण जानेवारीत दगडी घर हाडांत शिरते. सासूबाईंसाठी दक्षिणेचे ऊन येईल अशी एक बैठक अवश्य असू द्या. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षे त्या उन्हाच्या तुकड्याबरोबर आपली खुर्ची सरकवत सकाळ काढायच्या.

सोनोराकर यांचे उत्तर

मी अॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. येथील सोनोरा वाळवंट आणि राजस्थानातले थरचे वाळवंट यांत फरक पुष्कळ आहेत, तरी एका मुद्द्यावर चुनाविटा यांच्याशी थोडा मतभेद नोंदवतो. रात्री गार हवा मिळेल असे त्यांनी गृहीत धरले आहे. फिनिक्समध्ये 2023 साली सलग 31 दिवस कमाल तापमान 110 फॅरनहाइट, म्हणजे 43.3 सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते, आणि त्या काळात रात्रीसुद्धा हवा निवत नव्हती, कारण डांबरी रस्ते आणि वाहनतळ दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. आपला भूखंड आज शहराच्या कडेला आहे, पण शेजारची मोकळी जागा भरली की तेथील रात्रही बदलेल. म्हणून तळमजल्याची दगडी भिंत नुसती न ठेवता, पूर्वेला आणि पश्चिमेला तिच्या बाहेरच्या अंगाने उष्णतारोधक थर द्यावा आणि त्यावर गिलावा किंवा फट सोडून दगड लावावा. रोधक थर बाहेर आणि जड भिंत आत, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा केला तर भिंतीचा जडपणा खोलीच्या कामी येत नाही.

येथील घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची आणि वरून पातळ गिलाव्याची असतात, आणि सर्व भिस्त वातानुकूलनावर असते. ते अनुकरण करू नये. अनुकरण करावे ते अंगणाचे. पाणी खाणारी हिरवळ काढून वाळवंटी झाडे लावण्याकडे येथे गेल्या काही वर्षांत लोकांचा ओढा वाढला आहे. येथले मेस्कीट हे झाड आपल्या खेजडीचे (शमीचे) जवळचे नातलग आहे. पश्चिमेच्या रस्त्याकडे, भिंतीपासून दहा-बारा फुटांवर एक कडुनिंब आणि एक खेजडी आजच लावली, तर घर पूर्ण होईपर्यंत निंब छातीएवढा तरी होईल. खेजडी सावकाश वाढते, पण एकदा मूळ धरल्यावर पाणी मागत नाही. खिडकीखाली पांढरी खडी पसरण्याची पद्धत येथे आहे, ती मात्र टाळावी. खडीवरून परतलेले ऊन खिडकीतून छतावर पडते आणि खोली तापवते.

अमरावतीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. काल वास्तुविशारदांकडे बसून आलो. पश्चिमेची काच गेली, तिथे जिना आणि गाडीची जागा आली आहे. चौक बारा फुटांचा आणि उघडा ठेवायचे ठरले. सासूबाईंची खोली ईशान्येस घेतली, आणि त्यांना उन्हाची बैठक मिळावी म्हणून तिला लागून दक्षिणाभिमुख ओसरी चौकाच्या बाजूला काढली आहे.

दोन गोष्टी अडल्या आहेत. यजमानांना डबल हाइट फार आवडते, ती पूर्णपणे सोडावी का? आणि कूलर पुरेल, की सर्व खोल्यांत एसीची तजवीज करावी?

चुनाविटा

सोनोराकर यांची दुरुस्ती योग्य आहे. बाहेरून रोधक थर देण्याचा खर्च वाढतो म्हणून मी तो लिहिला नव्हता, पण सासूबाईंच्या खोलीपुरता तरी तो करावा.

डबल हाइट चौकाला लागून घ्यावी. वरच्या टोकाला उघडता येणारे झरोके ठेवले, तर तापलेली हवा तेथून बाहेर पडते आणि खाली चौकातली हवा खेचली जाते. मात्र तो भाग एसीने थंड करण्याचा विचारही करू नये. तिथे पंखा आणि कूलर एवढेच असावे.

कूलरचे गणित हवेतल्या दमटपणावर चालते. मे महिन्यात 42 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर सुमारे 26 अंशांची हवा देतो आणि ती सासूबाईंना एसीपेक्षा मानवेल. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर खोली केवळ ओलसर करतो. म्हणून तळमजल्याला कूलर, आणि दोन शयनगृहांना एसी, अशी विभागणी पुरेशी होईल. सासूबाईंच्या खोलीत भिंतीत एसीची नळी तेवढी टाकून ठेवावी. कूलरला हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीत उघडी खिडकी लागते आणि एसीला सर्व बंद लागते, त्यामुळे कूलरच्या तोंडाला घट्ट बसणारी लाकडी झडप हवी. कूलर उत्तरेच्या भिंतीला, सावलीत ठेवावा.

टांक्याचा खड्डा पायाच्या खोदाईबरोबरच घ्यावा. आपल्याकडे दोन-चार फुटांवर खडक लागतो, आणि घर उभे राहिल्यावर तो फोडायचा म्हणजे भिंतींना हादरे बसतात.